टेप मारलेला जोड

कप्तान काही कुठल्या जहाजावरचा कप्तान नव्हता. त्याची बोट होती बत्तीस फुटांची, लाकडी, आणि तिच्यावर माणसं मावायची फार तर पाच. पण शाळेत असल्यापासून तो दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचा आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघायचा, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. त्याची बायकोही फोनवर परक्या माणसाला "कप्तान घरी नाहीत" असंच सांगायची.

त्याचा शाळेपासूनचा मित्र म्हणजे वायरमन. बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं मोटारी आणि पॅनेल सांभाळून तो निवृत्त झाला होता, आणि आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करत दिवस ढकलत होता. कप्तान त्याला 'फ्यूज' म्हणायचा. लहानपणी तो चटकन भडकायचा आणि तितक्याच चटकन गार व्हायचा, म्हणून.

एका सकाळी कप्तान हातात कागद घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. चार पायऱ्या चढून आला होता, तरी त्याला धाप लागली होती. त्याचं हृदय निम्मंच काम करतंय, असं डॉक्टरांनी उन्हाळ्यात सांगितलं होतं.

"बंदर कार्यालयाची नोटीस आलीय," तो म्हणाला. "यार्डात नुसत्या पडून असलेल्या बोटी तीन महिन्यांत पाण्यात उतरवा, नाहीतर तोडून टाकणार."

"मग?" वायरमनने विचारलं. त्या बोटीचा विषय त्या दोघांत अकरा वर्षं निघाला नव्हता.

"मग काय मग? तिला उभी करायची. लाकडाचं सुतार बघेल, इंजिन मी बघतो. वायरिंग सगळं नव्याने करायचं, तेवढं तू कर."

"आणि चालवणार कोण? तू?"

कप्तानने त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. "मुलाला देणार. फोन करून सांगणार, बोट तयार आहे, ये आणि घेऊन जा. फ्यूज, मी त्याला माफ केलंय. मरायच्या आधी एवढं तरी करून जातो."

वायरमनने पायात चपला सरकवल्या आणि पिशवीत टेस्टर, पक्कड टाकून तो तसाच निघाला.

*

अकरा वर्षांपूर्वी त्या बोटीवर तिघं होते. कप्तान, त्याचा एकुलता एक मुलगा आणि कप्तानचा मेहुणा, म्हणजे त्याच्या बायकोचा, वायरमनच्या वहिनींचा, धाकटा भाऊ. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. रात्री जाळं ओढायला म्हणून इंजिन बंद केलं आणि ते पुन्हा सुरू होईना. दिवे मंद होत होत विझले. वायरलेसवर नुसती खरखर, मग तीही नाही. दोन्ही बॅटऱ्या ठार उतरलेल्या. वारा वाढला, बोट आडवी होऊन हेलकावे खायला लागली, तेव्हा मेहुणा चाचपडत नांगर सोडायला पुढच्या टोकाकडे गेला. गेला तो गेलाच. त्याची हाकही दोघांना ऐकू आली नाही. सकाळी दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढत किनाऱ्याला आणलं.

घरात माणसं जमलेली असताना कप्तानने सगळ्यांदेखत मुलाकडे बोट दाखवलं होतं. "वरचा मोठा दिवा ह्याने दुपारपासून चालू ठेवला. बॅटरी त्यानेच उतरली."

"मी बंद केला होता, बाबा," मुलगा म्हणाला. एकदा नाही, चार वेळा म्हणाला.

मग कप्तानने भिंतीला टेकून बसलेल्या वायरमनला विचारलं होतं. त्यातला जाणकार तोच. आणि वायरमन म्हणाला होता, "दोन्ही बॅटऱ्या एवढ्या उतरल्या म्हणजे काहीतरी चालू राहिलेलं असणार."

त्यानंतर मुलगा ते वाक्य पुन्हा बोलला नाही. वर्षभराने तो घर सोडून दूरच्या शहरात गेला, बसवर ड्रायव्हर झाला. तिकडेच लग्न केलं, तिकडेच त्याला मुलगी झाली. महिन्यातून एकदा तो आईला फोन करायचा. बापाने फोन उचलला तर न बोलता ठेवून द्यायचा.

बोट तेव्हापासून यार्डाच्या कोपऱ्यात लाकडी टेकूंवर उभी होती. कप्तानने तिला कोणाला हात लावू दिला नव्हता.

*

आता तिची दशा पाहवत नव्हती. रंग पापुद्र्यांनी सुटला होता, केबिनमध्ये मांजरं व्याली होती. सुताराने तळाच्या फळीत पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"लोण्यात सुरी जावी तसा गेला," सुतार म्हणाला. तो सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. कप्तान जरा लांब गेल्यावर त्याने वायरमनला हळूच सांगितलं, "बाजूच्या फळ्या बदलतो. पण खालचा कणाच मऊ पडलाय. तो बदलायचा म्हणजे नवी बोट बांधण्यासारखं आहे. एखादा हंगाम निघेल. हंगामाच्या पुढचं काही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

"कप्तानला सांगितलंस?"

"सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणाला."

तिघं रोज सकाळी यायला लागले. सुतार कुजलेल्या फळ्या काढायचा आणि नव्या बसवून भेगांत काथ्या ठोकायचा. कप्तान इंजिनासमोर उलट्या बादलीवर बसून एकेक भाग रॉकेलमध्ये धुवायचा आणि पाच मिनिटांनी श्वास घ्यायला थांबायचा. वायरमन जुन्या वायरी ओढून काढत होता. दिव्याची, पंपाची, वायरलेसची, प्रत्येक वायर तो काढण्याआधी कागदावर उतरवून घ्यायचा. कारखान्यातली सवय. कधी नव्हे ती कप्तानची चेष्टामस्करी परत आली होती. "ए फ्यूज, आत झोपलास का मांजरांबरोबर?" असं तो ओरडायचा आणि स्वतःच खोकत हसायचा.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी वायरमन इंजिनाच्या मागच्या अंगाला पालथा पडून चार्जिंगची वायर काढत होता. डायनॅमोकडून बॅटरीकडे जाणारी ती जाड वायर एका फळीमागून गेली होती. तिथे नजर पोचत नव्हती, हात घालून अंदाजानेच काम करायचं. त्याच्या बोटांना काहीतरी चिकट, फुगीर लागलं. त्याने ओढलं तशी वायर सहज दोन तुकडे होऊन हातात आली.

तो जोड होता. वरची टेप वितळून डिंकासारखी झाली होती आणि आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी होती. भुकटी झटकल्यावर उरलेल्या तारांचा पीळ दिसला. तीन वेढे उजवीकडे आणि मग शेंडा उलटा दुमडलेला. तसा पीळ द्यायला वायरमनला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. या बंदरावर दुसरं कोणी तसा पीळ देत नव्हतं.

त्याला सगळं आठवलं. त्या घटनेच्याही पाच वर्षं आधी या बोटीचं वायरिंग त्यानेच केलं होतं. शेवटी ही वायर हातभर कमी पडली. दुकान बंद झालेलं. तेवढ्यात कारखान्यातून निरोप आला की कॉम्प्रेसर बंद पडलाय, ताबडतोब या. म्हणून त्याने एक तुकडा जोडला, वर टेप गुंडाळली आणि मनाशी म्हटलं, उद्या येऊन सोल्डर मारून पक्का करू. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आठवणही राहिली नाही.

खारं पाणी पाच वर्षं त्या जोडात शिरत राहिलं होतं. डायनॅमो फिरत होता, पण बॅटरीपर्यंत काही पोचत नव्हतं. मुलाने दिवा बंद केला काय आणि न केला काय, त्या दिवशी बॅटऱ्या उतरणारच होत्या.

"काय रे, अडकलास का?" वरून कप्तानचा आवाज आला.

"नाही, नाही," वायरमन म्हणाला, आणि तो तुकडा त्याने खिशात टाकला.

*

दोन दिवस तो भरल्या ताटावरून तसाच उठला. तिसऱ्या दिवशी बायकोने ताट बाजूला सारलं आणि त्याच्यासमोर बसली. "दुखतंय कुठे ते तरी सांगा. नाहीतर मी डॉक्टरांना बोलावते." मग त्याने तो तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

टेबलावर सांडलेली हिरवी भुकटी तिने पदराच्या टोकाने पुसून घेतली. "हे कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी त्यांनी मुलाला माफ केलंय. तो येईल, बोट घेईल, बाप डोळे मिटायच्या आधी नातीला बघेल. तुम्ही आता मध्ये तोंड उघडलंत तर कोणाचं भलं होणार आहे?"

"पण तो माफ कशाबद्दल करतोय?"

"कशाबद्दल का करेना. करतोय ना?"

तिच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. वायरमन नऊ दिवस मूग गिळून बसला. नव्या वायरी टाकल्या, प्रत्येक जोडाला सोल्डर मारलं, वर नळी चढवली, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. तो इतक्या निगुतीने काम करत होता की सुतार म्हणाला, "बोट पाण्यात बुडाली तरी तुमचे दिवे खाली जळत राहतील बघा."

दहाव्या दिवशी इंजिन सुरू झालं. पहिल्या खेपेला धूर, दुसऱ्या खेपेला धूर, आणि तिसऱ्या खेपेला ते धडधडायला लागलं. कप्तानचे डोळे भरून आले. बादलीवर बसून तो हात पुसत म्हणाला, "आज संध्याकाळी फोन करतो पोराला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. ऐक हं. म्हणणार, झालं गेलं विसरून जा. तू तेव्हा लहान होतास, चूक कोणाकडूनही होते. मी मनातून सगळं काढून टाकलंय. कसं वाटतं? 'चूक' म्हणू की नको? 'विसर पडला' म्हणू?"

वायरमनने खिशात हात घातला. तुकडा अजून तिथेच होता.

"थांब," तो म्हणाला. "आधी हे बघ."

त्याने तो कप्तानच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं. जोड कुठे सापडला, कोणी मारला होता, पक्का करायचा का राहून गेला, सगळं. काही लपवलं नाही आणि काही रंगवलंही नाही.

कप्तान त्या तुकड्याकडे बघत राहिला. इंजिन मागे चालूच होतं. त्याने ते हात लांब करून बंद केलं.

"म्हणजे दिवा..."

"दिवा बंद असता तरी बॅटरी उतरलीच असती. आणि तो म्हणत होता ना, बंद केला म्हणून. केलाच असेल."

"त्या दिवशी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"सगळ्यांदेखत विचारलं होतं. तू काय म्हणालास?"

"तुला माहीत आहे."

"मला नाही. तू म्हण."

वायरमनने ते वाक्य पुन्हा उच्चारलं, शब्दनशब्द. सुताराचा हातोडा कधीच थांबला होता. कप्तान उठला, तुकडा मुठीत धरून यार्डाच्या फाटकाकडे चालू लागला. दोनदा थांबला, पण मागे वळला नाही.

*

दुसऱ्या दिवशी वहिनींनी निरोप पाठवला, घरी या. वायरमन गेला. तीच खोली, तीच भिंत. कप्तान खाटेवर उशीला टेकून बसला होता. वहिनी उभ्या होत्या. मोबाईल स्पीकर लावून टेबलावर मध्ये ठेवला होता.

"बसा भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासमोरच झालं पाहिजे."

त्यांनी नंबर लावला. चार घंट्या वाजल्या. "हां आई," पलीकडून आवाज आला. मागे रस्त्याचा गोंगाट होता.

"मी बोलतोय," कप्तान म्हणाला. "ठेवू नकोस. दोन मिनिटं ऐक."

फोन ठेवला गेला नाही. कप्तानने सांगितलं. बोटीचं, वायरीचं, जोडाचं. त्याचं पाठ केलेलं बोलणं आता उपयोगाचं नव्हतं, त्यामुळे तो अडखळत होता, मध्येच श्वासासाठी थांबत होता. शेवटी म्हणाला, "तू खरं बोलत होतास. मी... तुझी माफी मागतो."

पलीकडे एक हॉर्न वाजला. मग मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं, बाबा, मी बंद केला होता ते. मला त्यात कधी शंका नव्हती."

"बोट तयार आहे. तू ये. तुझीच आहे ती."

"मी काय करू बोटीचं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला सुट्टी नसते, आणि मी पाण्याजवळ जात नाही. मुलीलाही नेत नाही. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या. माझी गाडी सुटायची वेळ झाली, ठेवतो."

"वायरमनकाका इथे बसलेत," वहिनी घाईने म्हणाल्या. "त्यांना काही..."

"नाही," मुलगा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

कप्तानने भिंतीकडे तोंड केलं. वायरमन उठला तशा वहिनी त्याच्याबरोबर दारापर्यंत आल्या.

"भावजी, माझा भाऊ गेला त्याचा दोष मी तुम्हाला आता देऊ शकते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "ते सोपं आहे. पण माझ्या मुलाने चार वेळा सांगितलं तेव्हा मी इथेच उभी होते, याच दाराला धरून. मला तो खरं बोलतोय असं वाटलं होतं. तरी मी गप्प बसले, नवऱ्यापुढे काय बोलायचं म्हणून. तुमचा जोड निदान सापडला तरी. माझ्या त्या गप्प बसण्याचं मी काय करू?"

दार लागल्याचा आवाज वायरमनने पायऱ्या उतरताना ऐकला.

*

चार दिवसांनी कप्तान यार्डात आला. "काम अर्धवट टाकू नकोस," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने वायरमनला फ्यूज म्हणून हाक मारली नाही, शिवीही दिली नाही. पेचकस दे, बल्ब लाव, मीटर बघ, एवढंच बोलणं. शिव्या खाल्ल्या असत्या तर वायरमनला रात्री झोप लागली असती.

मुदत संपायच्या आठवडाभर आधी क्रेनने बोट पाण्यात उतरवली. तळातून पाणी पाझरत होतं, पण पंप ते बाहेर फेकत होता. सगळे दिवे लागत होते. वायरलेसवर बंदर कार्यालयातल्या माणसाचा आवाज इतका लख्ख आला की सुतार दचकला.

कप्तान म्हणाला, "चल." कुठे, ते वायरमनने विचारलं नाही. त्याला माहीत होतं. मेहुणा गेला ती जागा किनाऱ्यापासून चार तासांवर होती. कप्तान सुकाणू धरून उभा राहिला, वायरमन इंजिनापाशी बसला. सकाळ होती, वारा पडलेला होता. बंदराच्या तोंडाशी, जिथे दोन्हीकडचे दगडी बांध संपतात आणि खरी लाट सुरू होते, तिथे बोटीने पहिला हेलकावा घेतला. कप्तानने वेग कमी केला.

"काय झालं?" वायरमनने विचारलं.

"तिथे जाऊन त्याला काय सांगू?" कप्तान म्हणाला. थोडा वेळ बोट तिथेच डुलत राहिली. मग त्याने सुकाणू फिरवलं आणि ते परत आले.

धक्क्याला दोर बांधताना कप्तान गुडघ्यांवर बसला, आणि मग त्याला उठवेना. सुताराने आणि वायरमनने त्याला हातगाडीवरून घरी नेलं. त्यानंतर तो खाटेवरून उठला नाही. मुलाचा फोन महिन्यातून एकदा यायचा तो तसाच येत राहिला, आईला. आता तो बापाची चौकशी करायचा, पण फोन बाबांना दे असं म्हणायचा नाही. पावसाळा सरता सरता कप्तान गेला. मुलगा एका दिवसासाठी आला, खांदा दिला, आणि रात्रीच्या गाडीने परत गेला. धक्क्याकडे तो फिरकला नाही.

बोट घ्यायला कोणी तयार नव्हतं. सुताराने हात टेकले होते. कणा रोज थोडा थोडा पाणी पीत होता. तरी वायरमन एक दिवसाआड सकाळी धक्क्यावर जायचा, पंप चालवून तळ कोरडा करायचा, अर्धा तास इंजिन चालवून बॅटऱ्या भरायचा. कशासाठी, हे त्याच्या बायकोने एकदाच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

अशाच एका सकाळी त्याने मान वर केली तर धक्क्यावर वहिनी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी या बोटीवर पाय ठेवला नव्हता. त्याने हात पुढे केला. तो न धरता, कठड्याला धरून त्या स्वतःच उतरल्या. केबिनकडे पाहिलं. आतला दिवा त्याने लावून ठेवला होता.

"त्या रात्री तिघांना किती अंधार होता?" त्यांनी विचारलं.

"आता दिवस आहे, वहिनी. कळणार नाही."

त्या केबिनच्या पायऱ्या उतरून आत गेल्या आणि लाकडी फळीवर बसल्या. "इंजिन बंद करा," त्या आतून म्हणाल्या. "दिवा बंद करा. आणि वरचं झाकण लावा."

वायरमनने इंजिन बंद केलं. मुख्य स्विच खाली ओढला. झाकण ओढून पूर्ण लावलं, फटीतून उजेड जाणार नाही असं. मग तो वर उभा राहिला. आतून काहीच आवाज येत नव्हता, रडण्याचाही नाही. तळाशी पाणी चुबकत होतं, आणि पंप बंद असल्यामुळे ते हळूहळू चढत होतं.

किती वेळ गेला त्याला सांगता आलं नसतं. शेवटी आतून झाकणावर दोनदा वाजलं. त्याने उघडलं. वहिनी वर आल्या, उन्हात डोळे बारीक करून क्षणभर थांबल्या, आणि ओले झालेले पाय तसेच घेऊन धक्क्यावरून घराकडे चालत गेल्या.